गुणसूत्राचा तुकडा जास्तीचा असतो तेव्हा : डुप्लिकेशन आणि मुलांची वाढ

पाऊलवाट

जनुकीय तपासणीच्या प्रयोगशाळेत मी अहवाल लिहिण्याचं काम करते. बाळाने मान उशिरा धरली, बसायला वेळ लागला, शब्द फुटत नाहीत, म्हणून डॉक्टर मायक्रोअ‍ॅरे (गुणसूत्रांचे तुकडे कमी-जास्त आहेत का ते मोजणारी तपासणी) करायला सांगतात. काही आठवड्यांनी अहवाल हातात येतो. त्यातल्या एका ओळीत गुणसूत्राचा क्रमांक, भलेमोठे आकडे आणि शेवटी 'गुणिले ३' (म्हणजे तीन प्रती) असं काहीतरी असतं. आईवडील ती ओळ इंटरनेटवर शोधतात आणि रात्रभर वाचत बसतात. त्यांना सापडतात ती बहुतेक वेळा सर्वांत गंभीर मुलांची वर्णनं, कारण तीच मुलं आधी दवाखान्यात पोचली आणि त्यांच्यावरच शोधनिबंध निघाले. तोच तुकडा जास्तीचा असूनही ज्यांना फारसा त्रास नाही, त्यांची कधी तपासणीच झालेली नसते. म्हणून हा धागा. अहवाल हातात आल्यावर त्यातून काय कळतं, काय कळत नाही, आणि पुढे काय करायचं, यावर सगळ्यांनी लिहावं.

थोडी पार्श्वभूमी देते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, हे १९५६ साली जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी नक्की केलं. तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, जेरोम लजन, मार्त गोतिए आणि रेमाँ तुर्पँ यांनी दाखवलं की डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत २१ वं गुणसूत्र तीनदा असतं. तिथे अख्खं गुणसूत्र जास्तीचं असतं. डुप्लिकेशनमध्ये गुणसूत्राचा एक तुकडाच जास्त असतो. कधी तो मूळ जागेला लागूनच असतो, कधी उलटा बसलेला असतो, कधी दुसऱ्याच गुणसूत्राला चिकटलेला असतो, तर कधी त्याचं स्वतंत्र छोटंसं गुणसूत्र बनलेलं असतं.

आपल्या बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. तिसरी आली की त्या जनुकापासून बनणारं प्रथिन साधारण दीडपट होऊ शकतं. पुष्कळ जनुकांना त्याचा काही फरक पडत नाही. काही जनुकं मात्र प्रमाणाच्या बाबतीत फार काटेकोर असतात. मेंदूतली इतर जनुकं कमीजास्त चालू ठेवणारी जनुकं त्यांत बरीच आहेत. म्हणूनच इतक्या डुप्लिकेशनमध्ये अंग सैल असणं, बोलणं उशिरा येणं, शिकायला वेळ लागणं, या गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात.

मग तुकडा जास्तीचा होतो कसा? गुणसूत्रावर काही ठिकाणी जवळजवळ सारखेच दिसणारे लांबलचक पट्टे थोड्या थोड्या अंतरावर असतात. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी शेजारी शेजारी लागते आणि आपसांत तुकड्यांची अदलाबदल करते. सदऱ्याची गुंडी एक घर चुकून लागावी तसा इथे एक पट्टा भलत्याच पट्ट्यासमोर येतो. अदलाबदल झाली की एका गुणसूत्रात मधला भाग दोनदा येतो आणि दुसऱ्यातून तो गळतो. त्यामुळे कितीतरी डुप्लिकेशनना त्यांची जोडीदार डिलीशन, म्हणजे तोच भाग गळालेला असणं, असते, आणि दोन्हींची लक्षणं शेजारी ठेवून पाहिली की त्या भागातली जनुकं काय करतात ते कळायला लागतं. ही चूक कुणाच्याही बीजपेशीत होऊ शकते. गरोदरपणात काय खाल्लं, काय उचललं, किती ताण घेतला, याचा इथे काही संबंध नाही. हे मी प्रत्येक आईला सांगते आणि इथेही सांगते.

चौकस

उत्तम धागा. एक प्राथमिक शंका आहे. तुकडा जितका मोठा तितका त्रास जास्त, असं सरळ गणित असतं का? आमच्या पुतण्याच्या अहवालात 'आकार मोठा आहे' असं लिहिलंय, त्याने घरातले सगळे घाबरलेत.

पाऊलवाट

मोठा म्हणजे त्यात जास्त जनुकं, म्हणून एखादं काटेकोर जनुक त्यात सापडण्याची शक्यता जास्त. इतपत बरोबर. त्यापुढे हे गणित चालत नाही. दोन उदाहरणं देते.

१७ व्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर, १७पी१२ या भागात, डीएनएच्या साधारण १५ लाख अक्षरांचा तुकडा जास्तीचा असला की शार्को-मारी-टूथ हा नसांचा आजार होतो. त्याचा १ए हा प्रकार याच डुप्लिकेशनमुळे होतो, हे १९९१ साली कळलं. पीएमपी२२ या नसांच्या आवरणाच्या जनुकाच्या दोनऐवजी तीन प्रती होतात, पायांचे स्नायू बारीक होतात, तळपायाची कमान उंच होते, चालताना पाय अडखळतात. बुद्धीला अजिबात धक्का नाही.

आता एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळचा एक्सक्यू२८ घ्या. तिथे एमईसीपी२ हे जनुक दुप्पट झालं, तर तुकडा १० लाख अक्षरांपेक्षा लहान असला तरी मुलग्यांना फार गंभीर त्रास होतो.

त्यामुळे आकाराच्या आधी पत्ता बघायचा. कोणतं गुणसूत्र, आखूड बाजू की लांब, कोणता पट्टा, आणि त्यात कोणती जनुकं. आखूड बाजू 'पी' आणि लांब बाजू 'क्यू' अशी लिहितात. आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे तुकड्याची कड कुठे पडते. जनुक पूर्णच्या पूर्ण जास्तीचं असणं वेगळं, आणि जनुकाच्या पोटातच काही भाग दोनदा येणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात जनुक वाढण्याऐवजी मोडतं. ड्युशेन या स्नायूंच्या आजारात काही मुलांना डिस्ट्रॉफिन जनुकाच्या आतल्या डुप्लिकेशनमुळेच आजार झालेला असतो.

पुतण्याच्या अहवालात आकाराच्या पुढे 'रोगकारक', 'बहुधा रोगकारक', 'महत्त्व अनिश्चित', 'बहुधा निरुपद्रवी' यांपैकी काय लिहिलंय ते आधी बघा.

चौकस

'महत्त्व अनिश्चित' असं आहे.

पाऊलवाट

मग घाबरण्याचं कारण त्या अहवालात अजून तरी नाही. त्यावर खाली सविस्तर लिहीन, आधी बाकीच्यांना बोलू दे.

उन्हाळी

पाऊलवाट, तुम्ही ज्या एमईसीपी२ चं लिहिलंत तेच आमच्या मुलाचं आहे. इथे कुणाला हे निदान झालं असेल तर त्यांच्यासाठी लिहिते.

पहिल्या वर्षात तो फार सैल होता. कडेवर घेतला की हातातून निसटेल असं वाटायचं. दूध ओढताना दमायचा, ठसका लागायचा. मग छातीचा संसर्ग सुरू झाला, एक बरा होतोय तोवर दुसरा. खूप काळ सगळ्यांनी प्रत्येक न्यूमोनिया वेगळा मानून उपचार केले. निदान झाल्यावर कळलं की वारंवार छाती भरणं हा या डुप्लिकेशनचाच भाग आहे, आणि गिळलेलं थोडं थोडं श्वासनलिकेत जात असू शकतं. गिळण्याची तपासणी केली तेव्हा तसंच निघालं. बाहेरून खोकलासुद्धा येत नव्हता. त्यानंतर पातळ पदार्थ दाट करून द्यायला लागलो, बसण्याची पद्धत बदलली, आणि आजारपणं कमी झाली. ज्यांचं मूल सैल आहे आणि सारखं छातीने आजारी पडतं, त्यांनी ही तपासणी नक्की मागा.

मोठा झाला तसे पाय ताठ होऊ लागले. आधी सैल आणि नंतर ताठ, हे आम्हाला कळायचं नाही. फिजिओथेरपीत आता ताणण्याचे व्यायाम जास्त असतात. बद्धकोष्ठता कायमची आहे, तिच्याकडे दुर्लक्ष केलं की झोप, भूक, स्वभाव सगळंच बिघडतं. तो बोलत नाही, पण गाणं लागलं की मान वळवून आवाजाच्या दिशेने बघतो. त्याची आवड-नावड आम्हाला पक्की कळते.

मला एक विचारायचं आहे. तपासणीत हे माझ्याकडून आलं असं निघालं. मला स्वतःला काहीच कसं झालं नाही?

पाऊलवाट

उन्हाळीताई, इतकं नेमकं लिहिल्याबद्दल मनापासून आभार. बिनखोकल्याचं श्वासनलिकेत जाणं पुष्कळदा निसटतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि प्रत्येक पेशी त्यांतलं एक बंद करून ठेवते. एरवी कुठलं बंद होईल हे नशिबावर असतं. एमईसीपी२ डुप्लिकेशन असलेल्या बहुतेक आयांमध्ये मात्र डुप्लिकेशनवालं एक्सच जवळजवळ सगळ्या पेशींत बंद असलेलं आढळतं. म्हणून तुम्हाला त्रास नाही. मुलग्याकडे एक्स एकच, त्याला ही सोय नाही. तुमच्या बहिणींना, पुढे मुलं होणार असतील तर, तपासणीबद्दल सांगून ठेवा.

हेच जनुक बिघडलं की मुलींना रेट सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा विकार होतो, हे १९९९ साली हुदा झोघबी यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. दुप्पट झाल्यावर काय होतं ते २००५ च्या सुमाराला स्पष्ट झालं. २०१५ मध्ये त्याच प्रयोगशाळेने या डुप्लिकेशनच्या उंदरांवर एक काम प्रसिद्ध केलं. जनुकाचा संदेश अडवणारे अँटिसेन्स रेणू देऊन प्रथिनाचं प्रमाण खाली आणलं, तर मोठ्या झालेल्या उंदरांतलीही बरीच लक्षणं मागे फिरली. त्या दिशेने माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्या आता सुरू झाल्या आहेत. यातली मोठी अडचण प्रमाणाची आहे. फार कमी केलं तर रेटकडे जाण्याचा धोका, म्हणून मात्रा फार जपून ठरवावी लागते. आज उपचार म्हणून हे उपलब्ध नाही, पण रिकामी आशा म्हणूनही मी हे सांगत नाही.

दोघींचा_बाबा

आमच्या मोठीला २२क्यू११.२ डुप्लिकेशन आहे. बोलायला उशीर, अक्षरं लक्षात ठेवायला त्रास, एका जागी बसणं कठीण. मग आमची दोघांची तपासणी झाली आणि तेच डुप्लिकेशन माझ्यात निघालं. मी शिकलो, नोकरी करतो, संसार करतो. शाळेत गणित कच्चं होतं आणि लोकांत मिसळायला आजही जड जातं, पण त्याला कुणी कधी नाव दिलं नव्हतं. माझं आणि तिचं डुप्लिकेशन आकड्यासकट तंतोतंत एकच आहे. मग तिला त्रास आणि मला नाही, हे कसं? का माझं गणित कच्चं असणं हाही त्याचाच भाग?

पाऊलवाट

तुमचा प्रश्न या धाग्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

२२क्यू११.२ डुप्लिकेशन अनेकदा आईकडून किंवा वडिलांकडूनच आलेलं असतं, आणि त्या पालकाला बहुधा तपासणी होईपर्यंत कल्पनाही नसते. काही मुलांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, काहींना टाळूचा किंवा ऐकण्याचा त्रास, काहींना शिकण्यात अडचण, आणि काहींना काहीच नाही. असं डुप्लिकेशन म्हणजे मुलाला लागलेला एक धक्का. तो धक्का बसताना मूल मुळात कुठे उभं असतं यावर बरंच ठरतं. उरलेली हजारो जनुकं दोन्ही घराण्यांकडून आलेली असतात, त्यांचाही वाटा असतो. कधी दुसराच एखादा लहान जनुकीय बदलही सोबत असतो. त्यामुळे एकाच घरात एकच तुकडा दोन माणसांत दोन तऱ्हेने दिसतो.

तुमचं गणित आणि लोकांत अवघडणं त्यामुळे असू शकतं, आणि नसूही शकतं. एका माणसाच्या बाबतीत हे सांगता येत नाही. एकूण समूहाकडे पाहिलं तर ज्या पालकांना 'काही नाही' म्हणून धरलेलं असतं, त्यांतल्या काहींत शिकण्याच्या वा लक्षाच्या सौम्य अडचणी सापडतात.

मोठीसाठी हृदयाची इको, कानांची तपासणी आणि टाळूची तपासणी झालेली नसेल तर करून घ्या. ऐकू कमी येत असेल तर बोलण्याचा उशीर डुप्लिकेशनच्या नावावर टाकला जातो आणि कान तसेच राहतात.

दिठी

इथे १५क्यू११-१३ डुप्लिकेशनचं कुणी आहे का? माझी मुलगी त्यातल्या आयसोडायसेंट्रिक प्रकारातली आहे, म्हणजे जास्तीचं एक छोटं गुणसूत्र आणि त्या भागाच्या एकूण चार प्रती. मला एका गोष्टीबद्दल सगळ्यांना सांगायचं आहे आणि कृपया हे वाचून पुढे जाऊ नका.

बाळ असताना ती झोपेतून उठल्यावर मान पुढे झुकवायची, हात एकदम वर उचलायची, क्षणभरच. मग काही सेकंदांनी पुन्हा, आणि पुन्हा. घरात सगळ्यांना वाटलं दचकते, नाहीतर पोटात दुखतं. ओळखीच्या एका बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि आजच दाखवा. त्या इन्फंटाइल स्पॅझम होत्या. हातपाय झाडणारी, फेस आणणारी आकडीच आम्हाला माहीत होती. ही तशी दिसतच नाही.

हा प्रकार पहिल्या वर्षातच जास्त दिसतो, उठल्या उठल्या ओळीने झटके येतात. त्यात थांबलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या शिकण्यावर परिणाम करतो. ईईजी करताना झोपेचाही भाग नोंदवला जायला हवा. उपचाराला स्टेरॉइड, एसीटीएच किंवा व्हिगाबॅट्रिन वापरतात, कुठलं ते डॉक्टर ठरवतील. तुमच्या मुलाच्या डुप्लिकेशनमध्ये आकडीचा धोका असेल तर ती यायच्या आधीच मेंदूविकारतज्ज्ञांना भेटून कशाकडे लक्ष ठेवायचं ते विचारून ठेवा. १५क्यू मध्ये आकडी असलेल्या काही मुलांत झोपेत अचानक मृत्यूचा धोकाही असतो. हे ऐकायला कठीण आहे, तरी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. रात्रीची देखरेख, औषध न चुकवणं, यातून करण्यासारखं बरंच असतं.

आज ती धरून चालते, पाण्यात फार रमते, डोळ्याला डोळा भिडवत नाही पण मांडीवर येऊन बसते. ऑटिझमचं निदान आहे.

पाऊलवाट

दिठी, तुमचा प्रतिसाद इथल्या प्रत्येकाने वाचावा. विल्यम जेम्स वेस्ट या डॉक्टरांनी १८४१ साली या झटक्यांचं वर्णन लिहिलं तेव्हा ते स्वतःच्या बाळाबद्दलच लिहीत होते. इतक्या वर्षांनीही ते 'दचकणं' म्हणून सुटतात.

१५क्यू ची एक खास गोष्ट जोडते. इथे जास्तीचा तुकडा आईकडून आला की वडिलांकडून, याने फार फरक पडतो. यूबीई३ए हे जनुक मेंदूच्या चेतापेशींत फक्त आईकडच्या प्रतीवरूनच चालतं, वडिलांकडची प्रत गप्प असते. म्हणून आईकडून आलेल्या डुप्लिकेशनमध्ये ऑटिझम, आकडी आणि बौद्धिक अडचण जास्त दिसते. वडिलांकडून आलेलं बऱ्याचदा सौम्य असतं, पण ते निर्धास्त असं समजू नये, काहींना त्रास होतो. हाच भाग गळाला तर आईकडचा गळाल्यावर एंजलमन आणि वडिलांकडचा गळाल्यावर प्राडर-विली सिंड्रोम होतो.

साधा मायक्रोअ‍ॅरे हे कुणाकडून आलं ते एकटा सांगत नाही. त्यासाठी मिथिलेशनची (डीएनएवरच्या रासायनिक खुणांची) तपासणी किंवा पालकांचे नमुने लागतात. तसंच चार प्रती दिसल्या तरी त्या वेगळ्या छोट्या गुणसूत्रावर आहेत की मूळ गुणसूत्रातच, हे फिश (चमकणाऱ्या खुणेने ठरावीक तुकडा शोधणं) किंवा कॅरिओटाइपने (सूक्ष्मदर्शकाखाली सगळी गुणसूत्रं पाहणं) बघावं लागतं. अहवालात १५क्यू दिसलं आणि या दोन गोष्टी लिहिलेल्या नसतील, तर विचारा.

शब्दवेल

मी वाचा-भाषा थेरपिस्ट आहे. डुप्लिकेशन असलेली बरीच मुलं माझ्याकडे येतात, त्यामुळे बोलण्याबद्दल लिहिते.

७क्यू११.२३ या भागाचं डुप्लिकेशन असलेली मुलं बघताना मला नेहमी त्याच्या जोडीदार डिलीशनची, म्हणजे विल्यम्स सिंड्रोमची आठवण होते. विल्यम्सची मुलं अनोळखी माणसाशीही भरभरून बोलतात. डुप्लिकेशनवाल्या मुलांना शब्दांसाठी ओठ-जीभ जुळवणंच कठीण जातं, आणि लोकांत गेलं की भीतीने आवाज बंद होतो. घरी वाक्यं बोलणारं मूल शाळेत महिनोन्महिने एक शब्द काढत नाही. त्याला हट्टी, उद्धट, आगाऊ म्हणतात. ही निवडक मूकता आहे, चिंतेतून आलेली. बोलायला भाग पाडलं की ती वाढते. तिच्यासाठी चिंतेवरचे उपचार आणि वाचाथेरपी दोन्ही एकत्र चालवावे लागतात.

दुसरी गोष्ट, चित्रांचे तक्ते आणि बोलणारी यंत्रं. पालक विचारतात, 'हे दिलं तर ते बोलायचा प्रयत्नच सोडेल ना?' संशोधनात तसं दिसलेलं नाही. उलट काही मुलांचं बोलणं त्याने वाढतं, कारण आपलं म्हणणं पोचतंय हे त्यांना कळतं. बोलणं येईपर्यंत वाट बघत बसू नका. पाणी हवंय, दुखतंय, नको, हे सांगायचा मार्ग मुलाला आजच मिळाला पाहिजे. माझ्या अनुभवात चावणं, डोकं आपटणं यातला बराच भाग सांगता न येण्यातून आलेला असतो.

पाऊलवाट

अगदी. ७क्यू११.२३ डुप्लिकेशनमध्ये बऱ्याच जणांत हृदयातून निघणारी महाधमनी रुंद होते, म्हणून इको ठराविक काळाने करत राहावी लागते. मुलाला काही जाणवत नसलं तरी. विल्यम्समध्ये हीच धमनी अरुंद होते.

आरस्पानी

आमचं १७पी११.२ डुप्लिकेशन, म्हणजे पोटोकी-लुप्स्की सिंड्रोम. पहिल्यांदाच इथे लिहितेय.

आमची लढाई वजनाची. दूध ओढायला ताकद नाही, मग घास गिळायला त्रास, वजनाचा काटा पुढे सरकत नाही. बघणारे म्हणायचे, आई नीट भरवत नाही. निदान झालं तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी स्पष्ट सांगितलं की या डुप्लिकेशनमध्ये सैल स्नायू आणि गिळण्याची अडचण पुष्कळदा असते. त्या एका वाक्याने घरातलं वातावरण बदललं. झोपेत श्वास अडखळतो म्हणून झोपेची तपासणी झाली, हृदयाची इको झाली, ती ठीक निघाली.

बौद्धिक बाबतीत तो हळू आहे, पण पुढे जातोय. आधी चित्रं ओळखली, मग अक्षरं, आता ओळ वाचतो. बाकी मुलांच्या तक्त्याशी तुलना केली की जीव कासावीस होतो. मागच्या वर्षीच्या त्याच्याशीच त्याची तुलना केली की दिसतं किती आलंय.

पाऊलवाट

या डुप्लिकेशनचं वर्णन २००० साली झालं, लोरेन पोटोकी आणि जेम्स लुप्स्की यांच्या गटाकडून. नेहमीचा तुकडा साधारण ३७ लाख अक्षरांचा असतो आणि त्यातलं आरएआय१ हे जनुक मुख्य मानलं जातं. तोच भाग गळाल्यावर स्मिथ-मॅगेनिस सिंड्रोम होतो. त्यात वजन वाढण्याकडे कल असतो आणि इथे अंग भरतच नाही. वजनाची ही उलटसुलट आणखीही दिसते. १६पी११.२ डिलीशनमध्ये लठ्ठपणा आणि मोठं डोकं, डुप्लिकेशनमध्ये कमी वजन आणि लहान डोकं. १क्यू२१.१ मध्ये डोक्याच्या बाबतीत बरोबर उलट, तिथे डुप्लिकेशनवाल्यांचं डोकं मोठं. मूल खात नाही याचा दोष आईला देण्याआधी हे लोकांना माहीत असायला हवं. भूक, वजन आणि डोक्याचा घेर यांवर ही जनुकं थेट काम करतात.

रानवाट

माझ्या बहिणीच्या रक्ताचा कॅरिओटाइप नॉर्मल आला होता. लक्षणं मात्र स्पष्ट होती: चेहऱ्याची वेगळी ठेवण, अंगावर फिके आणि गडद पट्टे, विरळ केस, मोठा बौद्धिक विलंब. ती मोठी झाल्यावर एका डॉक्टरांनी त्वचेचा नमुना घेतला आणि त्यात जास्तीचं गुणसूत्र सापडलं. पॅलिस्टर-किलियन सिंड्रोम. रक्तात का दिसलं नाही हे पाऊलवाट सांगतील का?

पाऊलवाट

पॅलिस्टर-किलियनमध्ये १२ व्या गुणसूत्राच्या आखूड बाजूचं एक जास्तीचं गुणसूत्र असतं, पण ते सगळ्या पेशींत नसतं. रक्ताच्या पेशी भराभर विभागतात आणि त्यांतून ते लवकर नाहीसं होतं, त्वचेच्या पेशींत टिकतं. अंगावर वेगवेगळ्या रंगाचे पट्टे असतील आणि रक्ताचा अहवाल नॉर्मल असेल, तर त्वचा किंवा गालाच्या आतल्या पेशी तपासायचा विचार जरूर व्हावा.

तपासण्यांच्या मर्यादांचं बोलणं निघालंच आहे, तर चौकस यांच्या 'महत्त्व अनिश्चित' कडे येते.

कॅरिओटाइपमध्ये साधारण ५० लाख ते एक कोटी अक्षरांपेक्षा लहान बदल दिसत नाही. मायक्रोअ‍ॅरेत त्याहून कितीतरी लहान दिसतो, म्हणून २०१० साली विकासाचा विलंब, ऑटिझम किंवा अनेक जन्मजात दोष असतील तर बहुतेक मुलांत तोच आधी करावा असं तज्ज्ञांनी सुचवलं. लहान बदल दिसू लागले तसे अर्थ न लागणारे बदलही दिसू लागले. 'महत्त्व अनिश्चित' म्हणजे त्या तुकड्यामुळे त्रास होतो असा पुरावा पुरेसा नाही, आणि होत नाही असाही नाही. अशा वेळी पालकांची तपासणी उपयोगी पडते. तोच तुकडा धडधाकट आजोबांत सापडला तर तो निरुपद्रवी असण्याकडे झुकतो. पूर्ण खात्री नाही, ती का नाही हे दोघींचा_बाबा यांच्या उदाहरणात दिसतंच. दोन-तीन वर्षांनी अहवाल पुन्हा तपासून मागा, या काळात वर्ग बदललेले मी कितीदा तरी पाहिले आहेत. आणि अनिश्चित अहवालावर शोध थांबवू नका. पुतण्याच्या त्रासाचं कारण दुसरीकडे असू शकतं.

अहवालात एचजी१९ किंवा एचजी३८ असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्याकडेही बघा. ते जनुकीय नकाशाच्या आवृत्तीचं नाव आहे. दोन आवृत्त्यांत एकाच जागेचे आकडे वेगळे येतात, आणि पालक ते पाहून दोन मुलांची डुप्लिकेशन वेगळी आहेत असं समजतात.

चौकस

खूप मोठं ओझं उतरलं. वहिनी दुसऱ्या बाळाचा विचार करतायत, म्हणून एवढं अजून विचारतो. पुन्हा होण्याची शक्यता किती?

पाऊलवाट

ते आईवडिलांच्या तपासणीवर ठरतं. दोघांतही ते नसेल, म्हणजे या मुलात नव्याने आलं असेल, तर पुन्हा होण्याची शक्यता सहसा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी धरतात. शून्य म्हणत नाहीत, कारण कधी कधी पालकाच्या काही बीजपेशींतच बदल असतो आणि रक्तात दिसत नाही. पालकांपैकी एकात तेच डुप्लिकेशन असेल तर प्रत्येक गरोदरपणात ते पुढे जाण्याची शक्यता निम्मी. पुढे गेलं तरी किती त्रास होईल ते आधी सांगता येत नाही, हे वेगळं.

तिसरी शक्यता सगळ्यात जास्त निसटते. पालकात दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल असते, पण एकूण ऐवज पूर्ण असतो, म्हणून त्याला काही होत नाही. मायक्रोअ‍ॅरे फक्त कमीजास्त मोजतो, त्यामुळे अशा पालकाचा मायक्रोअ‍ॅरे स्वच्छ येतो. बाळाकडे मात्र त्यातला एक तुकडा जास्तीचा जाऊ शकतो. इमॅन्युएल सिंड्रोम असाच ११ आणि २२ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून होतो. मुलाच्या अहवालात एका गुणसूत्राचं टोक जास्त आणि दुसऱ्याचं टोक कमी असं दिसलं, तर पालकांचा कॅरिओटाइप किंवा फिश व्हायलाच हवा. गर्भपात वारंवार झाले असतील, तेव्हाही तो करायला हवा. जनुकीय समुपदेशकांना भेटताना मुलाचा मूळ अहवाल सोबत ठेवा, सारांश नको.

दोघींचा_बाबा

शेवटचा प्रश्न माझा. धाकटी तीन वर्षांची आहे आणि छान बोलते, धावते. तिचीही तपासणी करावी का? बायकोला करायची आहे, मला नको वाटतंय. उगाच एक शिक्का बसेल.

पाऊलवाट

तुमच्या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. निदानामुळे आता काही वेगळं करता येणार असेल, तर लहानपणी तपासावं. ७क्यू११.२३ असतं तर धमनीसाठी मी लगेच हो म्हटलं असतं. २२क्यू११.२ मध्ये, मूल सर्व बाजूंनी नीट वाढत असताना, हृदय आणि कानांची साधी तपासणी जनुकीय तपासणी न करताही करून घेता येते. ती दोघींची करा. जनुकीय तपासणी तिला स्वतःला ठरवता येईल त्या वयापर्यंत थांबली तरी चालतं. शाळा सुरू झाल्यावर अक्षरं, लक्ष किंवा मुलांत मिसळणं यांत काही वाटलं, तर थांबू नका, लगेच करा. तेव्हा ती तिला मदत मिळवून देईल.

दोघींचा_बाबा

हे पटलं. इकोची वेळ दोघींची एकत्रच घेतो. बायकोला हा धागा वाचायला दिलाय, तिचे प्रश्न असतील तर तीच इथे लिहील.